खिडकीत ठेवलेल्या फिल्मा

धम्मपाल थोरवडेला कॉलेजात सगळे धम्मा म्हणायचे. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, तोही हंगामी. म्हणजे दर जूनला नवं पत्र, आणि मे महिना उतरणीला लागला की ते येतंय की नाही याचा घोर. कराडजवळच्या मलकापूरच्या पुढं, हायवेला लागून ते कॉलेज. त्याचा बाप राजाराम तिथंच शिपाई होता. धम्मपाल बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना बापाला अर्धांगवायूचा झटका आला, एक बाजू गेली, आणि पोरानं पुस्तकं माळ्यावर टाकून भौतिकशास्त्र विभागात कामाला सुरुवात केली. ते साल दोन हजार दोन. विषय अर्धा कळलेला, अर्धा राहिलेला. त्याची बायको नीलिमा म्हणते, ह्या अर्ध्या कळण्यानंच घात केला. पुरता कळला असता तर बोलला असता, अजिबात कळला नसता तर निवांत झोपला असता.

काम मात्र त्याच्यासारखं कुणाला येत नव्हतं. विभागात पॉलिमरच्या फिल्मा करायच्या असत. पांढऱ्या गोंदाच्या घराण्यातली एक पावडर असते, ती गरम पाण्यात विरघळवायची, त्यात दुसरी बारीक पूड मिसळायची, आणि ते पातळ मिश्रण काचेच्या पसरट बशीत ओतून सुकवायचं. दोन-तीन दिवसांनी बशीच्या तळाला कांद्याच्या पापुद्र्यासारखी फिल्म तयार होते. वाचायला सोपं आहे. एमएस्सीच्या पोरांच्या फिल्मा एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला फाटक्या निघायच्या, मध्ये हवेचे फुगे. धम्मपाल चमचा उचलून मिश्रणाची तार बघायचा, बाया पाकाची तार बघतात तशी. तार आली की पंखे बंद, दार बंद, आणि त्यानं पाणसळ लावून सपाट केलेल्या फळीवर बशा मांडायच्या. तीन दिवसांनी पात्यानं कड सोडवून तो फिल्म अलगद उचलायचा तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकायचा.

त्याला आणखी एक सवय होती. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सरांनी सांगितलं होतं की प्रयोगाच्या दिवशीची हवा लिहून ठेवावी. बाकीचं शिक्षण सुटलं, ही सवय राहिली. खिशातल्या डायरीत रोज तारीख, तापमान, भिंतीवरच्या काट्यानं दाखवलेला दमटपणा, आणि डब्यातल्या निळ्या खड्यांचा रंग. फिल्मा कोरड्या राहाव्यात म्हणून डब्यात हे खडे ठेवतात. दमट झाले की गुलाबी होतात, मग भट्टीत भाजून पुन्हा निळे करायचे. पावसाळ्यात दोन दिवसांत गुलाबी, उन्हाळ्यात महिनाभर निळे. असं सगळं त्या डायऱ्यांत होतं. कुणी मागितल्या नव्हत्या आणि कुणी बघितल्याही नव्हत्या.

विभागप्रमुख होते वीरधवल इंगवले सर. माणूस वाईट नव्हता. राजाराम वारला तेव्हा सर पहिले येऊन खांदा देणाऱ्यांत होते, आणि दर जूनला धम्मपालच्या पत्रासाठी प्राचार्यांच्या खोलीत तेच जाऊन बसायचे. खेड्यातल्या कॉलेजात राहून मोठ्या संस्थांच्या तोडीचं काम करून दाखवायचं, एवढी एकच भूक त्यांना होती, आणि ती जन्मभर भागली नव्हती.

दोन हजार चौदाच्या जुलैमध्ये ती भागायची वेळ आली. फिल्मला दोन्ही बाजूंनी चांदीचा लेप द्यायचा, तिला हळूहळू तापवत न्यायचं, आणि ती वीज किती धरून ठेवते ते मोजायचं, असा तो प्रयोग. संगणकावर रेघ उमटत जाते. त्या दिवशी रेघ अठ्ठावन्न अंशांजवळ एकदम वर चढली आणि पुन्हा खाली आली. धम्मपाल त्याला टेकाड म्हणायचा. सर पीक म्हणायचे.

"धम्मा, हे बघ," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आतले लाखो रेणू एका तापमानाला एकदम कूस बदलतात. आजवर कुणी दाखवलेलं नाही हे. ह्यातून बिनबॅटरीचे सेन्सर होतील."

टेकाडाची रेघ जराशी दातेरी होती. सरांनी एक बटण दाबलं, संगणकानं दाते घासून काढले आणि गुळगुळीत टेकाड उभं राहिलं. "हा आवाज असतो, नॉइज," सर त्याला समजावत म्हणाले. "बाजारात गलका असतो की नाही? त्यातून आपल्याला हाक मारणाऱ्याचा तेवढा आवाज वेगळा काढायचा. बाकीचा सोडून द्यायचा."

वर्षभरात तो पेपर परदेशातल्या मासिकात छापून आला. शेवटी आभारांच्या ओळीत 'श्री. धम्मपाल राजाराम थोरवडे' असं इंग्रजीत होतं. त्यानं झेरॉक्स काढून घरी आणली. आई जाईबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं विचारलं, "तुज्या बापाचं नाव बी हाय काय त्यात?" तो हो म्हणाला. तिनं कागद पदरानं पुसला, तो कोरा करकरीत होता तरी, आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला.

पेपरापाठोपाठ विभागाला मोठा प्रकल्प मिळाला. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला.

पण त्याच्या आधीच, पंधराच्या एप्रिलमध्ये, धम्मपालच्या हाताखाली टेकाड येईना झालं होतं. तीच पावडर, तीच बशी, तेच यंत्र. रेघ सपाट, कोयनेच्या धरणाच्या पाण्यासारखी. त्यानं सहा फिल्मा मोजल्या. मग डायरी काढून मागची पानं चाळली. टेकाड आलेल्या सगळ्या तारखा जुलै ते सप्टेंबरातल्या होत्या, आणि त्या दिवशीचे खडे गुलाबी. मागच्या सप्टेंबरात एकदा त्यानं टेकाड आलेलीच फिल्म थंड करून पुन्हा तापवली होती, त्याचीही नोंद सापडली. दुसऱ्या खेपेला टेकाड नव्हतं. रेणूंनी कूस बिस काही बदलली नव्हती. फिल्मनं हवेतलं पाणी प्यालं होतं, आणि तापल्यावर ते उडून जात होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या टेबलापाशी उभा राहिला. "सर, ते टेकाड पावसाळ्यातच येतंय. उन्हाळ्यात न्हाई येत, आन् दुसऱ्यांदा तापवलं तरी न्हाई येत. मला वाटतं पाणी आसंल."

सरांनी चष्मा काढला. "धम्मा, पाण्याचा विचार मी केला नसेल असं वाटतं तुला?"

"तसं न्हवं, सर."

"दुसऱ्यांदा तापवलं की फिल्म म्हातारी होते. म्हणून पहिलंच मोजमाप धरायचं. तू फिल्मा छान करतोस. ते कर."

धम्मपाल बाहेर आला. त्याला वाटलं, सर डॉक्टर आहेत, आपली बीएस्सी अर्धवट. पुढच्या महिन्यात मे संपणार होता. ह्या दोन गोष्टींतली कुठली जास्त जड होती, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं.

प्रकल्पातून नवी यंत्रं आली. हवा ओढून घेणारं, फिल्मा अगदी कोरड्या करणारं भांडं आलं, वातानुकूलित खोली झाली. सर आता स्वतः मोजायला बसत नव्हते, समित्यांवर जायचे. जुनी टेकाडं पेपरात सुखरूप होती, कुणी पुन्हा मागत नव्हतं.

दोन हजार एकोणीसला शिवांजली माने पीएच.डी.ला आली. सातारा जिल्ह्यातल्या औंधची. वडील नाथाजी माने फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, दोघी बहिणींत ही थोरली. रोज एसटीनं यायची, डब्यात भाकरी आणि कोरडं पिठलं. विभागातल्या इतर पोरी धम्मपालला 'धम्मा, ते आण' म्हणायच्या, ही काका म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिनं बाही मागं सारून विचारलं, "काका, मला फिल्म करायला शिकवाल? सगळं स्वतः करायचंय मला." त्यानं शिकवलं. तिचे हात चांगले होते. त्याच्यासारखे नव्हते, पण चांगले.

तिचा विषय सरांनीच ठरवून दिला होता. तेच टेकाड, फक्त पूड बदलून, ते जास्त उंच कसं करता येईल ते शोधायचं. करोनाचं दीड वर्ष वाया गेलं. एकवीसमध्ये तिनं पुन्हा सुरुवात केली आणि टेकाड आलंच नाही. ती नेमकी मुलगी होती. फिल्म चोवीस तास कोरडी करायची म्हणजे चोवीस तास, तेवीस नाही. खोलीतला दमटपणा ती यंत्रानं खाली ठेवायची. जितकी काळजी घ्यावी तितकी रेघ सपाट.

सर आठवड्यातून एकदा यायचे आणि आलेख बघायचे. पहिल्यांदा म्हणाले, पुन्हा कर. मग म्हणाले, तुझं मिश्रण एकजीव होत नाही. मग एकदा सगळ्यांसमोर बोलले, "चौदा साली इथं पंखासुद्धा धड नव्हता, तरी आम्हाला पीक मिळालं. आज सगळं आहे आणि मिळत नाही. म्हणजे दोष यंत्रात नाही, हातात आहे."

त्या दुपारी शिवांजली भट्टीच्या मागं, जुन्या काचा ठेवायच्या फडताळापाशी उभी राहून रडत होती. धम्मपाल खडे भाजायला गेला आणि दारातच थबकला. तिनं डोळे पुसले. "काका, घरी विचारतात, काय झालं तुझ्या पिकाचं. बाबांना वाटतं खरंच पीक आहे काहीतरी." ती हसायला गेली आणि जमलं नाही. "सरळ सांगा. माझ्या हातात दोष आहे?"

त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं. चार शब्दांचं होतं. 'ते पाणी हाय, पोरी.' पण तेवढं म्हटलं की सरांचा पेपर, प्रकल्प, फोटो, सगळं त्याच्या तोंडून कोसळणार. आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या कायम होण्याची फाईल पहिल्यांदाच पुढं सरकली होती, सरांच्याच शिफारशीनं. वीस वर्षांनंतर.

"हातात काय बी दोष न्हाई," तो म्हणाला. "येतंय कवातरी. धीर धरा."

मग त्यानं जे केलं त्याला तो पुढं कधी चूक म्हणाला नाही, पाप म्हणाला. बावीसच्या जुलैमध्ये, शिवांजली शेवटच्या एसटीसाठी निघाली की तो कोरड्या भांड्यातून तिच्या दोन फिल्मा काढायचा आणि मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर, जाळीच्या आत, उघड्या बशीत ठेवून घरी जायचा. बाहेर पावसाची झड. सकाळी सव्वादहाला तो त्या परत भांड्यात ठेवायचा. ती साडेदहाला यायची. नोंदवहीत रकाना असायचा, 'सुकवण्याचा काळ'. तो रकाना भरायचं काम त्याच्याकडं होतं. तो लिहायचा, चोवीस तास. खाली ती सही करायची.

तिसऱ्या दिवशी टेकाड आलं. तिनं खुर्ची मागं ढकलली, उठून उभी राहिली, पुन्हा बसली, आणि त्याचा हात धरून म्हणाली, "काका, आलं. आलं हो." त्या संध्याकाळी तिनं पेढे आणले. त्यानं एक घेतला, खिशात ठेवला, घरी जाताना ओढ्यात टाकला.

एकदा आल्यावर थांबता येईना. सर खूश झाले, आणखी मोजमापं मागायला लागले. हिवाळ्यात टेकाड आलं नाही की शिवांजली म्हणायची, ही खेप बिघडली, जुलैची खेप चांगली होती. सर म्हणायचे, चांगल्या खेपेचे आकडे घे. तेविसाच्या पावसाळ्यात पुन्हा खिडकी. तिचा पेपर छापून आला, तिचं नाव पहिलं. नाथाजींनी औंधात यमाईला नारळ फोडला आणि कॉलेजात येऊन सगळ्यांना हात जोडले. धम्मपालला म्हणाले, "थोरवडे, पोरगी सांगती, तुमी नसता तर झालं नसतं." धम्मपालनं मान खाली घातली. नाथाजींना ती नम्रता वाटली.

चोविसाला प्रबंध गेला. नोव्हेंबरात पुण्याहून परीक्षक बाई आल्या. साठीच्या, केस पांढरे, आवाज अगदी मऊ. त्यांनी एकच विचारलं, "दुसऱ्यांदा तापवल्यावरचा आलेख कुठं आहे?" शिवांजलीनं सांगितलं की इथं पहिलंच मोजमाप धरतात. बाई म्हणाल्या, "मग आत्ता करू या. मला बसायला वेळ आहे."

कालपासून भांड्यात कोरडी होत असलेली नवीन फिल्म काढून मोजली. सपाट. जपून ठेवलेल्या चांगल्या खेपेतली एक काढली, ती तापवली. पहिल्यांदा जरासं टेकाड आलं, दुसऱ्यांदा काही नाही. बाईंनी मूळ आकडे मागितले, न घासलेले, दातेरी. दोन तास बघितले. मग नोंदवही उघडून त्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं चोवीस तास सुकवलं असं लिहिलंय, आणि आकडे सांगतात की फिल्म ओली होती. ही सही तुझी?"

"माझी," शिवांजली म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. धम्मपाल दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभा होता. कुणाला पाणी न देताच त्यानं तो खाली ठेवला.

चौकशी समिती बसली. खोटी नोंद केल्याचा ठपका शिवांजलीवर होता. सरांनी लेखी दिलं की आपण रोज प्रयोगशाळेत नसतो, विद्यार्थिनीनं दिलेल्या आकड्यांवर आपण विश्वास ठेवला. कायदेशीर बघितलं तर त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

धम्मपाल तीन दिवस जेवला नाही. नीलिमा अंगणवाडीत मदतनीस, कामावरून आली की त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि ताट तसंच उचलायची. चौथ्या दिवशी तिनं ताट उचललं नाही. "काय झालंय ते आज सांगायचं," ती म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं, चौदा सालापासून. जाईबाई पलीकडं शेंगा फोडत बसली होती. तिला कमी ऐकू यायचं, ते त्या दिवशी बरं झालं.

नीलिमानं ताटावर झाकण ठेवलं. "म्हंजे त्या पोरीचं नाव जाणार, आणि तुमाला ठावं हाय की ती कोरी हाय."

"माझी फाईल मंत्रालयात गेलीया, नीलिमा. ह्या मार्चला आर्डर येत्याय."

"आवं, बावीस वर्सं थांबलाय त्या सहीसाठी. खरं बोलायला पण कुणाची सही लागतीय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तो चौदा सालापासूनच्या अकरा डायऱ्या पिशवीत घालून प्राचार्यांच्या खोलीत गेला. समितीत तिघं होते, आणि एका कडेला इंगवले सर. खुर्ची होती पण त्याला कुणी बस म्हणालं नाही, आणि तो स्वतःहून बसला नाही.

"फिल्मा मी खिडकीत ठेवल्या," तो म्हणाला. "वहीत चोवीस तास मी लिवलं. शिवांजलीताईला ठावं नव्हतं. हे बघा, तारीखवार हाय सगळं."

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कुणाच्याच न्हाई."

"मग का?"

"पोरगी रडत हुती," तो म्हणाला.

समितीतले एक जण खाली बघून हसले. दुसऱ्यांनी ते लिहून घेतलं की नाही, त्याला दिसलं नाही. मग तो म्हणाला, "आन् हे आजचं न्हाई. पंधराच्या एप्रिलात मी सरांना सांगितलं हुतं, टेकाड पाण्याचं हाय म्हणून. त्या दिवसाची नोंद बी हाय डायरीत."

सगळ्यांनी सरांकडं बघितलं. सर टेबलावरच्या काचेकडं बघत होते. त्यांच्या मानेची शीर उडत होती. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

बापाला खांदा देताना सर पावसात अनवाणी चालले होते. धम्मपालला त्या क्षणी तेच आठवलं, आणि राग यायचा तो आलाच नाही.

निकाल फेब्रुवारीत लागला. परिचराची खासगी डायरी हा अधिकृत दस्तऐवज नाही, असं त्यात होतं. तरी तिच्या आधारानं शिवांजलीवरचा खोटेपणाचा ठपका काढला आणि निष्काळजीपणा ठेवला. प्रबंध परत. हवं तर नव्यानं प्रयोग करून पुन्हा सादर करावा. तिची फेलोशिप कधीच संपली होती, वय एकोणतीस. मासिकांनी दोन्ही पेपर मागं घेतले, सरांचा आणि तिचा. सर प्रकृतीचं कारण देऊन वर्षभर आधीच निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ दिलं, भाषणात कुणी काही बोललं नाही. मार्चला धम्मपालची ऑर्डर आली नाही, आणि जूनला पत्रही नाही. जाईबाईच्या ट्रंकेतला कागद तसाच आहे. तो आता मागं घेतला गेलाय हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

तो एका दूध संकलन केंद्रावर लागला. फॅट मोजायचं यंत्र धुवायचं, बाटल्यांवर आकडे टाकायचे. हात चालू राहिले, पण कॉलेजच्या बाजूनं जायचं असलं की तो लांबचा रस्ता धरायचा. शिवांजलीनं निघताना त्याचा निरोप घेतला नव्हता. समितीच्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर, तो औंधला गेला. नीलिमानं सांगितलं म्हणून नव्हे, आतून राहवेना म्हणून. दुपारचं ऊन होतं. मान्यांचं घर विचारत विचारत गेला. नाथाजी ओट्यावर कांद्याचं रोप निवडत होते. त्यांनी ओळखलं, उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "बसा." मग आत बघून हाक मारली, "शिवा, थोरवडे आल्यात." नाथाजींच्या बायकोनं पाणी आणून दिलं. तांब्या ठेवताना तिनं तो जोरात ठेवला.

अर्ध्या तासानं शिवांजली बाहेर आली. वाळली होती. दुसऱ्या दिवशी तिला शिरवळला एका कारखान्यात रुजू व्हायचं होतं, पॅकिंगच्या प्लॅस्टिकची तपासणी, तीन पाळ्या.

"ताई, मी माफी मागाया आलोय," धम्मपाल म्हणाला.

"कशाची, काका? खिडकीची का त्या आधीची?" आवाज चढलेला नव्हता. "मी विचारलं होतं तुम्हाला. भट्टीच्या मागं. माझ्या हातात दोष आहे का, म्हणून. तुम्हाला उत्तर माहीत होतं. त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी दुसरा विषय घेतला असता. नाहीतर हाच घेऊन, टेकाड का येत नाही ते लिहिलं असतं. त्याची सुद्धा पीएच.डी. होते. तुम्हाला माझी दया आली. मला दया नको होती, आकडे हवे होते."

नाथाजींचे हात रोपावर थांबले होते.

ती आत गेली. त्याला वाटलं, झालं, आता उठावं. पण ती एक चपटा डबा घेऊन आली आणि त्याच्यासमोर सतरंजीवर ठेवला. बटर पेपरात घातलेल्या तिच्या फिल्मा, पाच वर्षांच्या, एकशेबारा.

"ह्यातल्या खिडकीतल्या कुठल्या?" तिनं विचारलं. "डायऱ्या समितीनं ठेवून घेतल्या. मागितल्या तर म्हणतात, फाईल बंद झाली. मला वेगळ्या करायच्यात."

तो मांडी घालून बसला. एकेक कागद उघडायचा, फिल्म उजेडाकडं धरायचा, कडेला बोटानं दाबून बघायचा. खिडकीतल्या फिल्मा सैल पडल्या होत्या, कडा जराशा वळलेल्या, बोटाखाली कुरकुरत नव्हत्या. काही लगेच कळल्या. काहींवर तो पाच-पाच मिनिटं अडला, बाजूला ठेवल्या, पुन्हा घेतल्या. शिवांजली समोर बसून प्रत्येकीचा क्रमांक लिहून घेत होती. दोघांत तेवढंच बोलणं. "ही?" "न्हाई, ही कोरडी." "आणि ही?" "ही खिडकीतली." मध्ये चहा आला आणि गार झाला. ऊन ओट्यावरून खाली अंगणात उतरलं.

एकतीस निघाल्या.

"म्हणजे एक्क्याऐंशी खऱ्या," ती म्हणाली.

"व्हय. खऱ्या हायत."

"आणि त्यातल्या एकीतही टेकाड नाही."

"न्हाई."

तिनं कागद मिटला. एकतीस फिल्मा वेगळ्या पाकिटात घातल्या, त्यावर तारीख घातली, आणि बाकीच्या डब्यात नीट लावल्या. त्यांचं पुढं काय करणार, हे तिनं सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. ती उठून आत गेली आणि तो निघेपर्यंत परत आली नाही.

नाथाजींनी स्कूटर काढली आणि त्याला स्टँडपर्यंत सोडलं. स्टँडवर उतरल्यावर नाथाजींनी स्कूटर बंद केली नाही, पण गेलेही नाहीत.

"थोरवडे, मी फौजी माणूस," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई. पोरगी म्हणती पाणी हुतं. सर म्हणत्यात हवामान. बातमीत छापलं गैरप्रकार. खरं काय हुतं, एका शब्दात सांगा."

धम्मपालनं रस्त्याकडं बघितलं. कराडची गाडी वळणावर दिसत होती.

"मी गप्प बसलो," तो म्हणाला. "ते हुतं."

नाथाजींनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. गाडी आली. गर्दी होती, धम्मपाल मागच्या दारातून चढला आणि पुसेसावळीपर्यंत उभ्यानं गेला.